संकटात प्रार्थनेतून धीर कसा मिळवावा: तक्रारीपासून पहिल्या पावलापर्यंत

संकट आले की विश्वासणाऱ्यांचे साधारण दोन तट पडतात. काही जण लगेच उपकारस्तुतीला लागतात. 'प्रभू सगळं बरं करील' असे दिवसभर भेटेल त्याला सांगतात आणि रात्री छताकडे बघत पडून राहतात. बाकीचे प्रार्थनाच सोडतात, कारण तोंडात येते ती तक्रार, आणि देवापाशी तक्रार करायची नसते असे त्यांच्या मनावर लहानपणापासून बिंबलेले असते. दोघांचाही क्रम चुकतो. एकाने भरवशापासून सुरुवात केली, दुसरा दुःखापाशीच अडकला.

शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, संकटातल्या प्रार्थनेला ठरलेली वाट आहे. त्यातल्या स्तोत्रसंहिता या पुस्तकातील १५० स्तोत्रांपैकी फार मोठा वाटा विलापाच्या स्तोत्रांचा आहे, आणि त्यांतली बहुतेक याच वाटेने जातात: आधी हाक, मग तक्रार, मग मागणी, शेवटी भरवसा. खाली तोच क्रम ठेवला आहे. त्याच्या आधी शरीराची तयारी आणि नंतर हातापायांचे काम जोडले आहे, कारण नेमके तेच दोन टप्पे सर्वाधिक वगळले जातात.

## १. आधी जेवा, झोपा

१ राजे १९ वा अध्याय काढा. ईजबेल राणीच्या धमकीने घाबरलेला एलीया संदेष्टा रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि 'आता पुरे, माझा जीव घे' म्हणाला. त्यावर देवाने त्याला उपदेश केला नाही की जाब विचारला नाही. देवदूताने त्याला हलवून उठवले आणि खायला सांगितले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती, पाण्याचे भांडे होते. तो खाऊन पुन्हा झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवले, पुन्हा खाऊ घातले. 'एलीया, तू येथे काय करीत आहेस?' हा प्रश्न त्याला होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर विचारला गेला.

आपण नेमके उलटे करतो. वाईट बातमी आली की पहिल्याच दिवशी उपास धरतो आणि रात्रभर प्रार्थनेला बसतो. थकलेल्या शरीराला मग प्रत्येक विचार देवाचा आवाज वाटू लागतो. उपासाला शास्त्रात जागा आहे, पण दोन रात्री डोळा लागला नसेल तर ती जागा आज नाही. राजीनामा देणे, घर विकणे, लग्न मोडणे असले निर्णयही झोप होईपर्यंत बाजूला ठेवा.

चालू औषधे 'विश्वासाने' बंद करू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता आणि प्रेषित पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात त्याचा उल्लेख 'प्रिय' म्हणून केला आहे. गोळी घेतल्याने विश्वास कमी होतो असे सांगणाऱ्यापासून लांब राहिलेले बरे.

सावध: जीव देण्याचे विचार मनात येत असतील तर पुढचे टप्पे आत्ता करू नका. जवळ जे कोणी असेल त्याला याच शब्दांत सांगा, एकटे राहू नका आणि डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात जा. असे विचार येणे हा विश्वासाचा पराभव नाही. एलीयानेही मरण मागितले होते.

## २. वेळ, वही आणि एकच स्तोत्र ठरवा

रोज वीस मिनिटे पुरतात. वेळ ठरलेली असावी, शक्यतो सकाळची. झोपायच्या तोंडावर संकटाचा हिशेब मांडलात तर तो उशाशी येऊन बसतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वही आणि पेन घ्या, कारण मनातल्या मनात केलेली प्रार्थना घाबरलेल्या माणसाच्या हातून चौथ्या वाक्याला निसटते.

स्तोत्र आधीच निवडून ठेवा. संकट लांबले असेल आणि दम संपत आला असेल तर १३ वे. आजारपण असेल आणि रडून रडून उशी भिजत असेल तर ६ वे. जवळच्या माणसाने दगा दिला असेल तर ५५ वे. त्यात शत्रूबद्दल नाही, सोबत मंदिरात जाणाऱ्या मित्राबद्दल आक्रोश आहे. एकटेपणासाठी ४२ आणि ४३ एकत्र वाचा. झोप उडाली असेल तर ७७ वे. नुसती भीतीच असेल तर ५६ वे.

डोळे मिटून कुठलेही पान उघडायचे, बोट ठेवायचे आणि जे वचन येईल तो आजचा संदेश समजायचा, ही सवय मोडा. पान तुम्ही उघडले, संदेशाचे ओझे मात्र देवावर टाकलेत. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायात सैतानही वचनच काढून दाखवतो, तेही ९१ व्या स्तोत्रातले, आणि मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला सांगतो. वचन खरे होते, वापर खोटा होता.

## ३. काय झाले ते दोन रकान्यांत लिहा

डावीकडे जे घडले ते. उजवीकडे जे घडेल अशी भीती वाटते ते. दोन्ही एकत्र कालवले की भीती वस्तुस्थितीचा वेष घेते.

एक उदाहरण घेऊ. डावीकडे: 'नोकरी गेली. तीन महिन्यांचे हप्ते भरता येतील इतकी शिल्लक आहे. बायकोला अजून सांगितलेले नाही.' उजवीकडे: 'घर जाईल. मुलांची शाळा सुटेल. सासरचे लोक हसतील. या वयात मला कोणी घेणार नाही.' डावा रकाना तीन ओळींत संपला, उजवा पानभर चालतो. उद्याची काळजी उद्यावर सोडा, ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे, असे येशू मत्तय ६ मध्ये म्हणाला. ते आचरणात आणायचे तर आधी आजचे कुठले आणि उद्याचे कुठले हे वेगळे झाले पाहिजे.

तिसरा रकाना बहुतेक जण न सांगता काढतात: 'ही कुठल्या पापाची शिक्षा?' तो काढू नका. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असा प्रश्न येशूनेच उभा केला आणि उत्तरही स्वतःच दिले: नाही. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारले, याने पाप केले की याच्या आईबापांनी? तिथेही त्याने दोन्ही नाकारले. संकट खरोखरच स्वतःच्या वागण्यातून आले असेल, म्हणजे खोटी सही केली असेल किंवा कोणाचे पैसे बुडवले असतील, तर गोष्ट वेगळी. मग ५१ वे स्तोत्र घ्या, कबुली द्या आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे जा. पण ज्याचा आगापिछा माहीत नाही असे पाप शोधत बसणे हा पश्चात्ताप नव्हे.

तपासून पाहा: डाव्या रकान्यातले प्रत्येक वाक्य तिऱ्हाईत माणसाला दाखवून सिद्ध करता येईल का? येत नसेल तर ते उजवीकडे न्या.

## ४. तक्रार करा, पण समोर उभे राहून

इथे घाई करू नका. धीर न येण्याचे सगळ्यांत मोठे कारण हा टप्पा उरकणे हेच आहे.

१३ वे स्तोत्र उघडे ठेवा. सहाच वचने आहेत. मूळ इब्री स्तोत्रात पहिल्या दोन वचनांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो: देवा, तू मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी मनातल्या मनात कोठवर झुरायचे, वैऱ्याने कोठवर माझ्यावर वरचढ व्हायचे. पहिले दोन प्रश्न थेट देवावर रोखलेले आहेत, तिसरा स्वतःबद्दल, चौथा वैऱ्याबद्दल. याच क्रमाने तुमची चार वाक्ये लिहा. तू काय करत नाहीस असे मला वाटते, माझ्या आत काय चालले आहे, आणि बाहेरून कोण किंवा काय दाबते आहे.

बहुतेकांच्या वहीत पहिल्या दिवशी असे काही उतरते: 'हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, तू सर्व काही जाणतोस, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' वाक्यात चूक काहीच नाही. फक्त त्यात लिहिणारा माणूस कुठे दिसत नाही. त्याच माणसाला घरी ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत लिहायला सांगितले तर निघते ते असे: 'प्रभू, रिपोर्ट परत वाईट आला. गेल्या वेळी सगळ्या मंडळीने प्रार्थना केली होती, मला वाटलं ऐकलंस. आईला काय सांगू? ती माझ्या तोंडाकडे बघते. तू गप्प का आहेस?' ही प्रार्थना उपासनेत मोठ्याने म्हणायला कोणी धजणार नाही. पण स्तोत्रकर्त्यांच्या ओळीत ती चपखल बसते. वधस्तंभावर येशूने उच्चारलेले 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हे २२ व्या स्तोत्राचेच पहिले वचन आहे.

मग कुरकुर आणि विलाप यांत फरक काय? रानातले इस्राएल लोक कुरकुरले ते आपापल्या तंबूंत बसून, एकमेकांजवळ, देवाच्या पाठीमागे. विलाप करणारा तेच, कधी त्याहूनही कडक, देवाच्या तोंडावर बोलतो.

शब्दच फुटत नसतील तर बसून राहा. आपण काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असे पौल रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात लिहितो. एखादे दिवशी वही कोरी राहिली तरी चालेल.

तपासून पाहा: लिहिलेल्यात 'तू' आहे का? देवाबद्दल लिहिले असेल तर 'तो'च्या जागी 'तू' घालून पुन्हा लिहा. वाक्य लिहिताना हात अडखळला तर बहुधा योग्य जागी आला आहात.

सावध: दहा मिनिटांनी थांबा. दिवसभर तक्रार उगाळली की ती प्रार्थना राहत नाही, घोकंपट्टी होते.

## ५. नेमके मागा, आणि दोन गोष्टी मागा

बार्तीमय आंधळा होता हे उघड दिसत होते. तरी येशूने त्याला विचारले, मी तुझ्यासाठी काय करावे? त्याच्या तोंडून मागणी निघू दिली. 'प्रभू, आशीर्वाद दे' ही मागणी नाही, कारण ती पूर्ण झाली की नाही हे कधीच कळणार नाही.

पहिली मागणी परिस्थितीसाठी: 'गुरुवारी डॉक्टर भेटणार आहेत, उपचाराचा मार्ग निघू दे.' दुसरी आजच्या दिवसाच्या बळासाठी: 'आज आईशी खोटे न बोलता बोलता येऊ दे.' दुसरी मागणी हमखास राहून जाते आणि धीराचा खरा संबंध तिच्याशीच आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या ४ थ्या अध्यायात पेत्र आणि योहान धमक्या घेऊन परत आले, तेव्हा मंडळीने काय मागितले ते वाचा. धमक्यांकडे पाहा, एवढेच देवाला सांगून त्यांनी निर्भयपणे बोलण्याचे बळ मागितले.

'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' याचीही जागा ठरलेली आहे. गेथशेमाने बागेत येशूने आधी हा प्याला टळून जावो असे स्पष्ट मागितले, मग स्वतःची इच्छा बापाच्या स्वाधीन केली. आपण स्वाधीन करण्याचे वाक्य आधीच म्हणून टाकतो, म्हणजे मागायला नको आणि नकार ऐकायलाही नको. तीच मागणी रोज केली तर विश्वास कमी पडला असेही समजू नका. त्या रात्री त्याने तेच शब्द तीन वेळा म्हटले असे मत्तय सांगतो.

सावध: सौदा करू नका. 'हे केलेस तर मी ते देईन' अशी बोली घाबरलेल्या माणसाच्या तोंडून सहज निघते. शास्ते पुस्तकाच्या ११ व्या अध्यायातल्या इफ्ताहाने युद्धापूर्वी असा नवस केला आणि तो त्याच्या एकुलत्या एका मुलीवर येऊन पडला.

## ६. आठवड्यासाठी एकच वचन धरा

भिंतभर वचने लावून धीर येत नाही. एक घ्या, आठवडाभर वापरा. पण घेण्याआधी ते कोणाला, कधी, कशासाठी सांगितले हे मागचापुढचा मजकूर वाचून पाहा.

यिर्मया २९:११ हे सर्वांचे आवडते: तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत. ते बाबेलात बंदिवान झालेल्यांना लिहिलेल्या पत्रातले आहे. त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांचा उल्लेख आहे आणि त्याही आधी घरे बांधा, बागा लावा असे सांगितले आहे. आदल्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल असे सांगत होता, आणि तो खोटा ठरला. हे कळल्यावर वचन दुबळे होत नाही. फक्त पुढच्या आठवड्यात सगळे सुटेल असा अर्थ त्याला चिकटवता येत नाही, आणि महिन्याभराने देव खोटे बोलला असेही वाटत नाही. फिलिप्पैकरांस पत्रातले 'मला सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्व काही करण्यास समर्थ आहे' हेही तुरुंगातून लिहिलेले आहे, आणि आधीची दोन वचने उपाशी राहण्याची व अडचणीत दिवस काढण्याची सवय झाल्याबद्दल आहेत.

वचन चिठ्ठीवर लिहा आणि ज्या क्षणाची धास्ती वाटते त्या क्षणाच्या आधी मोठ्याने म्हणा: बँकेतून फोन येण्याआधी, तपासणीच्या खोलीत शिरण्याआधी. ४२ आणि ४३ व्या स्तोत्रांत कवी स्वतःच्याच जिवाला विचारतो, 'तू का खिन्न झालास?' आणि देवाची आशा धरायला सांगतो. हे ध्रुपद तीनदा येते. पहिल्यांदा म्हणून भागले नाही म्हणूनच.

तपासून पाहा: वचन म्हणताना भीती लपवावी लागते का? ५६ व्या स्तोत्रात भीती वाटणे आणि भरवसा ठेवणे एकाच वचनात शेजारी शेजारी आहेत. छाती धडधडत असतानाही जे म्हणता येते ते वचन घ्या.

## ७. आजच्या आज एक काम करा

तांबड्या समुद्राकाठी मोशे लोकांना म्हणाला, भिऊ नका, स्थिर राहा, परमेश्वर तुमच्यासाठी लढेल. निर्गम १४ मधले हे शब्द आपण पुष्कळ ऐकतो. लगेच पुढचे वचन क्वचित ऐकू येते. देव मोशेला म्हणतो, माझा धावा काय करतोस? लोकांना पुढे चालायला सांग.

प्रार्थना संपली की वही बंद करण्याआधी एक काम लिहा. ते दिवस मावळायच्या आत संपणारे असावे आणि डाव्या रकान्यातल्या एखाद्या ओळीला भिडणारे असावे. बायकोला सांगणे. वकिलाची वेळ घेणे. सगळी बिले एका जागी लावणे. 'खंबीर राहणे' हे काम नव्हे.

प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये हे फार ठळक दिसते. जहाज वादळात, कित्येक दिवस सूर्य नाही की तारे नाहीत, सगळ्यांनी आशा सोडलेली. पौलाला देवाचे अभिवचन मिळाले होते की कोणाचाही जीव जाणार नाही. तरी खलाशी मचवा सोडून पळू पाहतात हे त्याने हेरले आणि शताधिपतीला सांगितले की हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपायांनी दोर कापले. पहाटे त्याने सगळ्यांना जेवायचा आग्रह केला, स्वतः भाकर घेतली, देवाचे आभार मानले आणि सर्वांच्या देखत खाल्ली. तेव्हा २७६ माणसांना धीर आला. अभिवचन होते म्हणून तो हात बांधून बसला नाही.

कामाला निघताना भीती जाईल याची वाट पाहू नका. राजासमोर उभा असलेला त्याचा प्यालेबरदार नहेम्या 'अत्यंत भ्यालो' असे स्वतःच लिहितो. राजाने विचारले आणि त्याने उत्तर दिले, या दोहोंच्या मधल्या क्षणात त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली. तेवढीच, आणि मग तोंड उघडले.

सावध: घरात मारहाण होत असेल किंवा जिवाला धोका असेल तर सुरक्षित जागी जाणे हेच आजचे काम. सहनशीलतेच्या नावाखाली तुम्हाला तिथेच राहायला सांगणारा, मग तो कोणीही असो, चुकीचे सांगतो आहे. दावीद जिवावर उठलेल्या शौल राजापासून पळाला. पौलाला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) तटावरून पाटीत बसवून खाली सोडले होते.

## ८. दोन माणसांना सांगा

गेथशेमानेत येशूने तिघांना जवळ नेले आणि जिवाला किती खेद झाला आहे ते त्यांना बोलून दाखवले. तिघेही झोपले हा भाग निराळा.

सगळ्या मंडळीला सांगण्याची गरज नाही. दोन माणसे निवडा, त्यांपैकी एक पाळक, धर्मगुरू किंवा वडीलधारे असावे. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे म्हटले आहे, म्हणजे बोलावणे आजाऱ्याने धाडायचे आहे. न सांगताच कळायला हवे होते, असे रुसून बसू नका. काय हवे तेही नेमके सांगा: 'गुरुवारी माझ्यासोबत दवाखान्यात या', 'मला सल्ला नको, नुसते ऐका.' तोंडाचे पक्के नसणारे माणूस टाळा. दुसऱ्याच्या घरची भानगड 'प्रार्थनाविषय' म्हणून फिरवणारे प्रत्येक मंडळीत एखाददुसरे असतातच.

आणि तुम्हीच कोणाच्या भेटीला जात असाल, तर सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस केले तेवढेच करा. ते जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले. तोंड उघडल्यानंतर त्यांनी जे काही सांगितले त्यावर देव शेवटी रागावला.

## ९. संकट लांबले तर

आठवड्यातून एकदा वही मागे वाचा. जी मागणी पूर्ण झाली तिच्यापुढे तारीख घाला आणि त्या दिवशी ११६ वे स्तोत्र वाचून आभार माना. नकार आला असे दिसते तिथे 'नाही' असे स्पष्ट लिहा. पौलाने शरीरातला काटा काढून टाकण्यासाठी तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही, 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे उत्तर आले. नकार वहीत नोंदवलेला असेल तर बळाची मागणी रोज नव्याने करता येते. नाहीतर दोन्ही मागण्या एकत्रच सुकून जातात.

महिने गेले की वीस मिनिटेही जड होतात. मग तक्रार एका वाक्यावर आणा, वचन ठेवा, काम ठेवा. रविवारची उपासना सोडू नका; गाता येत नसेल तर इतर गात असताना नुसते बसा. झोप, भूक आणि रोजची कामे आठवडेच्या आठवडे बिघडलेली राहिली तर पाळकांबरोबर डॉक्टरांनाही दाखवा.

आणि भरवशाची ओळ लिहायचीच नाही असे काही दिवस येतील. त्यासाठी ८८ वे स्तोत्र आहे. त्याला वळण नाही, शेवट अंधारातच होतो, आणि तरीही ते सुरुवातीला देवाला 'माझ्या उद्धारक देवा' अशीच हाक मारते. त्या दिवशी ते मोठ्याने वाचा, खाली स्वतःचे काही जोडू नका, आणि ठरवलेले काम करायला उठा.